चौदा बोल्ट

"लाकूड आहे का लोणी?" मिस्त्री ओरडला. त्याच्या हातात पटाशीची नुसती मूठ दिसत होती. पातं सगळं बोटीच्या पोटात गेलं होतं.

धाकटा रंगाचा डबा तिथंच टाकून धावत आला. सकाळचे आठ वाजले होते. पंधरा दिवसांपूर्वीच्या उधाणाला ओढून घेतलेली बोट उतारावर लाकडी टेकूंवर उभी होती, आणि आज दुपारच्या उधाणाला ती परत पाण्यात जायची होती. सगळं काम उरकलं होतं. मागच्या बाजूला, एरवी पाण्याखाली असणाऱ्या भागात, रंगाला एक फुगा आला होता. तेवढा खरवडून शेवटचा हात मारला की झालं, असं म्हणत मिस्त्रीनं पटाशी लावली आणि फळीच आत गेली.

"सरका जरा," म्हणत मिस्त्री खरवडतच सुटला. वरचा निळा रंग निघाला. त्याच्याखाली भेगा बुजवायची लांबी. लांबीखाली हिरवा रंग, मग पुन्हा लांबी, पुन्हा निळा, त्याच्याखाली पत्र्याचा गंजका तुकडा. असे थरांवर थर. सगळ्यांत शेवटी काळं, ओलं, नखानं उकरता येईल असं लाकूड. मिस्त्रीनं एकेक थर उचलून धाकट्याच्या पायांशी टाकला.

"निळा तुमचा, हिरवा थोरल्यांचा. बरोबर ना?"

धाकट्यानं पायानं एक थर उलटा केला.

"नऊ वर्षं दोघांनी मिळून एक फळी कुजवलीत. काही का असेना, एक काम तरी जोडीनं केलंत!"

टोमणा खोटा नव्हता. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, केस पिकत चाललेल्या या माणसाला सगळा किनारा अजून धाकटाच म्हणत होता, कारण त्याच्यावर एक थोरला होता. बोट बापानं स्वतःच्या हातांनी बांधलेली. या काठावरून त्या काठावर माणसं, सायकली, भाजीच्या पाट्या नेणारी. बाप गेल्यावर भावांनी वार वाटून घेतले: सोम, बुध, शुक्र थोरल्याचे, मंगळ, गुरू, शनि धाकट्याचे. रविवार कुणाचा यावर एकमत होईना म्हणून रविवारी बोट नुसती उभी. किल्ली चहावाल्याकडे ठेवायची, म्हणजे तोंड बघायला नको. दुरुस्तीसुद्धा अशीच, एक वर्ष याचं, एक वर्ष त्याचं. दोन वर्षांपूर्वी धाकट्यानं याच फळीवर थोरल्यानं मारलेला पत्रा पाहिला होता. 'ज्यानं मारलाय तोच निस्तरेल पुढच्या साली,' असं म्हणून त्यानं त्यावर लांबी भरली होती आणि निळा रंग फासला होता. थोरल्यानंही पुढच्या साली नेमकं तेच केलं, हे आता पायाशी पडलं होतं.

भांडण वाटणीचं नव्हतं. वाटणीचं असतं तर मिटलं तरी असतं. बाप गेला त्या दिवशी धाकटा बोटीवर होता. सकाळपासून फेऱ्या मारत होता. संध्याकाळी दोर बांधून घरी आला, तर अंगणात माणसं खाली माना घालून बसलेली. दुपारी दोनलाच बापानं डोळे मिटले होते आणि त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं थोरल्याला भर अंगणात विचारलं, "बोटीचा मालक व्हायची एवढी घाई झाली होती?" थोरल्यानं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी दिलं नाही, नऊ वर्षांत दिलं नाही.

"आता काय करायचं ते बोला," धाकटा म्हणाला.

"पावणेपाचला भरती पूर्ण. तीनला पाणी या मागच्या टोकाला लागेल," मिस्त्री म्हणाला. "हे भोक असंच राहिलं तर बोट उठणार नाही, भरणार. इंजिन पाण्यात. आणि भरलेली बोट टेकूंवरून घसरली की कणा मोडणार. मग सरपण म्हणून वाटून घ्या, निम्मं निम्मं."

"आणखी वर ओढू या?"

"कशाच्या जोरावर? खाली पाण्याची उचल होती तरी चाळीस माणसं लागली. कोरड्यात तसूभर हलणार नाही ती."

"ताडपत्री ठोकू?"

"पाण्याला ताडपत्री काय नि चाळण काय!" मिस्त्रीनं कमरेचा पट्टा आवळला. "फळी बदलायची. शेडमध्ये एक सुकवलेली आहे. रंधून, वाफ देऊन बसवू. चौदा बोल्ट आहेत. बाहेरून एकानं बोल्ट ठोकून धरायचा, आतून दुसऱ्यानं नट आवळायचा. बाहेर तुम्ही. आत कोण?"

आत म्हणजे इंजिनाच्या मागं, फळ्यांच्या खाली, पोटावर सरपटत जायचं. मिस्त्रीची कंबर गेलेली. त्याच्या जोडीला काम करणारा मेहुणा परगावी. "मी जातो आत," धाकटा म्हणाला.

"मग बाहेर कोण? हे बघा, आत बोटीची हाडं माहीत असलेला माणूस पाहिजे. अंधारात हात घातला की कुठली बरगडी ते कळलं पाहिजे. असा या किनाऱ्यावर तुमच्याशिवाय एकच आहे. बोलवा त्याला."

"मी नाही बोलावणार."

"मग बोट बुडवा. मला काय, मी चहा प्यायला जातो."

मिस्त्री चहाला गेला नाही, शेडमध्ये जाऊन रंधा मारायला लागला. धाकटा भोकापाशी उभा राहिला. त्याची बायको डबा घेऊन आली होती, तिनं हे सगळं ऐकलं. नवऱ्याला काहीएक न विचारता तिनं चार पावलं लांब जाऊन नणंदेला फोन लावला.

"आक्का, थोरल्यांना घेऊन या. हो, भाऊजींना. ओढत आणा हवं तर."

*

अकराच्या सुमाराला फळी वाफेच्या लांबट पेटीत गेली. दीड वाजेपर्यंत ती तिथंच राहणार होती. तोवर करण्यासारखं काही नव्हतं, आणि धाकट्याला तेच सहन होत नव्हतं. तो दर दहा मिनिटांनी पाण्याकडे बघून यायचा. पाणी अजून खूप लांब, चिखलाच्या पलीकडे, शहाण्यासारखं पडून होतं.

आक्का आली. ती या दोघांच्या मधली बहीण. नऊ वर्षं दोन्ही घरांत जेवून दोन्हीकडचं सगळं पोटात ठेवलेली. तिच्या मागं थोरला, फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा पाना घेऊन. त्याच्या मागं वहिनी. आणि वहिनीच्या मागं एक तरुण बाई, कडेवर वर्षाचं मूल. धाकट्यानं तिला क्षणभर ओळखलंच नाही. मग ती हसली, आणि ओळखलं. थोरल्याची मुलगी. सहा वर्षांची असताना त्यानंच तिला याच उतारावर पोहायला शिकवलं होतं आणि तिचं नाव 'बेडकी' ठेवलं होतं. तिच्या लग्नाला तो गेला नव्हता. त्या दिवशी शनिवार होता, त्याचा वार, आणि वऱ्हाड त्याच्याच बोटीतून पलीकडे गेलं होतं. तो सुकाणू धरून समोर बघत उभा राहिला होता.

थोरला भोकापाशी बसला. आत हात घालून चाचपलं. मग धाकट्याकडे न बघता म्हणाला, "मिस्त्री, फळी किती जाडीची घेतलीय, विचारा."

"मीच घेतलीय, मलाच काय विचारायचं मी?"

"बरगडीला तडा आहे का ते बघितलंय का, विचारा."

"बघितलंय म्हणावं," धाकटा आकाशाकडे बघत म्हणाला.

"मी काय टपालखातं आहे?" मिस्त्री भडकला. "माणूस तुमच्यापासून दोन हात अंतरावर उभा आहे!"

ताडपत्रीच्या सावलीत बायका बसल्या होत्या, तिथून फिसकन हसल्याचा आवाज आला. धाकट्यानं वळून बघितलं. बेडकीच्या कडेवरचं मूल दोन्ही हात पुढं करून त्याच्या बायकोकडे झेपावत होतं. तिनं ते घेतलं. मुलानं सरळ तिच्या पदराला गाठ मारून ठेवलेली खडीसाखर शोधायला सुरुवात केली.

"हे मूल अनोळखी माणसाकडे असं जातं?" धाकट्यानं विचारलं.

आक्का एकदम पाण्याकडे बघायला लागली.

"खडीसाखर कुठं असते, तेसुद्धा माहीत आहे त्याला," थोरला हळूच म्हणाला. हे तो स्वतःच्या बायकोला म्हणाला, पण ते दोघाही भावांच्या मनातलं होतं.

"बरं, मग कळलंच आहे तर सांगते," वहिनी म्हणाली. "दर पंधरा दिवसांनी आम्ही जावा आक्काकडे भेटतो. आठ वर्षं झाली. तुमचं बोलणं बंद आहे, आमचं कशाला बंद असेल?"

"आठ वर्षं!" धाकट्यानं बायकोकडे बघितलं.

"तुम्ही कधी विचारलंत का, की आक्काकडे जाऊन एवढं काय करतेस?" बायको म्हणाली आणि पुन्हा हसू आवरेना तिला. दोघी जावा एकमेकींच्या अंगावर रेलून हसायला लागल्या. आक्काही सामील झाली. थोरला फडक्यातला पाना उगाच पुसत बसला. आपल्याला सगळ्यांनी मिळून मामा बनवलं म्हणून रागवावं, की हे मूल आपल्या घरचं झालंच आहे म्हणून बरं वाटून घ्यावं, हे धाकट्याला कळेना. त्याला बरंच वाटलं, पण तसं त्यानं तोंडावर येऊ दिलं नाही.

बेडकी उठून आली आणि मूल त्याच्या हातात ठेवून मोकळी झाली. "धरा, आजोबा."

"अगं, हात डांबराचे आहेत."

"तिचं काय बिघडतंय त्यानं?"

नात होती तर. तिनं त्याचा अंगठा घट्ट धरला. तिच्या चिमुकल्या तळव्याला काळा डाग पडला. तेवढ्यात मिस्त्री ओरडला, "फळी झाली! वाफ गेली की परत लाकूड होईल तिचं. पळा!"

*

थोरला काही न बोलता बोटीत चढला आणि इंजिनामागच्या फटीतून खाली गेला. एकोणसाठ वर्षांचा माणूस; आत जाताना त्याचे गुडघे वाजलेले बाहेरपर्यंत ऐकू आले.

फळीला फडकी गुंडाळून धाकट्यानं आणि मिस्त्रीनं ती उचलली. पुढची, सरळ बाजू आधी लावायची आणि मागचं वळण दाबत दाबत आणायचं, दुसरा मार्ग नव्हता. म्हणजे शेवटचे बोल्ट सगळ्यांत खाली, पाण्याच्या बाजूला. मिस्त्री डांबरात बुडवलेली कापसाची वात कडेनं दाबत चालला होता. फळी बसली तसा भोकातून दिसणारा थोरल्याचा हात दिसेनासा झाला.

लहानपणी बापानं दोघांना हेच काम लावलं होतं. आतून एक टकटक म्हणजे घाल. दोन म्हणजे थांब. आता कुणी आठवण करून द्यायची गरज पडली नाही. धाकट्यानं पहिला बोल्ट भोकात धरला, आतून एक टकटक आली, त्यानं हातोडा मारला, पान्यानं डोकं धरून ठेवलं, आणि आत नट फिरताना बोल्ट हातात थरथरला. मग दुसरा. तिसरा. पाचव्याला दोन टकटक आल्या, नटाखालचं वायसर निसटलं होतं. अडीच वाजेपर्यंत आठ झाले. अकरावा लागला तेव्हा पाणी चिखल ओलांडून टेकूंपर्यंत आलं होतं.

"डांबर आटलं, गरम करून आणतो," म्हणत मिस्त्री कमरेवर हात ठेवून शेडकडे गेला. बायका लांब, दोर सोडवत होत्या. फळीच्या या बाजूला धाकटा, त्या बाजूला थोरला.

"ऐकू येतंय का?" आतून आवाज आला.

"येतंय."

"मी मुद्दाम बोलावलं नाही, असं तुला वाटतं."

धाकट्यानं पाना दुसऱ्या हातात घेतला.

"डॉक्टर सकाळी म्हणाले, आजचा दिवस निघेल. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत काढतील. बोटीत माणसं असतात, ऐन फेरीत कशाला घाबरवायचं तुला. पाचला येशील, तेव्हा भेटशील. असं धरून चाललो मी. चुकलं माझं. एवढंच आहे बघ, दुसरं काही नाही."

"एवढंच होतं तर नऊ वर्षांत सांगता आलं नाही तुला?"

"तू अंगणात जे बोललास ना, त्याच्यापुढं हे फार फुसकं वाटायचं रे. लोकांना काहीतरी मोठं कारण लागतं. माझ्याकडे नव्हतं."

पाण्याची एक पातळ लाट येऊन धाकट्याच्या घोट्यांना लागली आणि परत गेली.

"माझी आठवण काढली त्यांनी?"

आत पाना फळीवर ठेवल्याचा आवाज आला.

"'बोट लागली का?' म्हणाले. तीनदा विचारलं."

"तू काय सांगितलंस?"

"दोनदा खरं सांगितलं. तिसऱ्यांदा म्हटलं, लागली. दोर बांधतोय, म्हटलं."

धाकट्यानं कपाळ फळीला टेकवलं. ती अजून कोमट होती. "मी तसं बोलायला नको होतं," तो म्हणाला. "सगळ्यांच्या देखत तर मुळीच नको होतं." आतून उत्तर आलं नाही, तेव्हा त्याला वाटलं की ऐकू गेलं नसेल, आणि पुन्हा म्हणायचा धीर होईना. मग आतून एक टकटक आली. तो बाराव्या बोल्टचा इशारा होता की आणखी कशाचा, ते त्याला कळलं नाही. त्यानं बोल्ट घातला.

मिस्त्री डांबर घेऊन धावत आला तेव्हा धाकटा गुडघाभर पाण्यात होता. तेराव्याचं भोक जुळेना. फळी वळणावर बोटभर बाहेर उचकटली होती. मिस्त्रीनं आणि बेडकीनं मिळून वासा लावून ती दाबली, आक्कानं वाशावर सगळं अंग टाकलं. बोल्ट गेला. पाणी मांड्यांपर्यंत चढलं होतं. चौदाव्याचं भोक पाण्याखाली गेलं.

"दिसत नाहीये!" धाकटा ओरडला.

"हातानं शोधा! आणि लवकर! बोट हलायला लागली तर फळी सुटेल, आणि त्यांना बाहेर यायला वेळ मिळायचा नाही!"

हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. आत थोरला पालथा पडलेला, डोक्यावर फळ्या, पायांशी इंजिन. फळी सुटली तर पाणी आधी त्याच्या तोंडाशी. धाकट्यानं श्वास घेऊन डोकं खाली घातलं. गढूळ पाण्यात बोटांनी भोक सापडलं. तिथं पाणी जोरात आत ओढलं जात होतं. बोल्ट लावला, तो हातातून निसटला आणि चिखलात गेला. वर येऊन त्यानं मिस्त्रीकडून दुसरा हिसकावून घेतला. बुडी मारली. भोकात धरला. आतून टकटक येईना.

तो वर आला. फळीवर मूठ आपटली. काही नाही. पुन्हा आपटली. वहिनी पाण्यात उतरली होती, तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"दादा!" धाकटा ओरडला. नऊ वर्षांत हा शब्द त्यानं उच्चारला नव्हता. "दादा, अरे दादा!"

आतून खोकल्याचा आवाज आला. मग कुणीतरी थुंकलं.

"बोंबलतोस काय! तोंडात पाणी गेलंय माझ्या. घाल बोल्ट!"

धाकटा खाली गेला. हातोडा पाण्यात चालेना, म्हणून त्यानं दोन्ही तळहातांनी बोल्ट दाबून आत घातला आणि डोकं पान्यात पकडलं. छाती फुटायची वेळ आली तरी सोडलं नाही. बोल्ट फिरू बघत होता, तो धरून ठेवत होता. मग तो थरथरायचा थांबला. एकदम घट्ट.

तो वर आला तेव्हा मिस्त्री टेकू काढून घेत होता आणि सगळ्या बायका ओरडत होत्या. बोट जरा एका अंगावर कलली, सावरली, आणि उतारावरून सुटून पाण्यावर सरळ उभी राहिली. धाकट्याची बायको आणि वहिनी दोघी एकच दोर धरून मागं खेचल्या जात होत्या आणि हसत होत्या की रडत होत्या, ते त्यांनाच ठाऊक.

"पाणी येतंय का आत?" मिस्त्रीनं काठावरून विचारलं.

"फळीला घाम आलाय," आतून थोरला म्हणाला. "बुडण्याएवढा नाही."

मिस्त्री तिथंच ओल्या वाळूत बसला आणि त्यानं कमरेचा पट्टा सोडला.

धाकटा कठड्यावरून बोटीत चढला. इंजिनामागच्या फटीतून थोरल्याचं डोकं आणि एक हात बाहेर आले होते. डांबरानं माखलेलं तोंड, ओली दाढी. तो तसाच अडकल्यासारखा थांबला होता.

"ये वर."

"येतो. पाय आले की येतो. तीन तास पालथा पडून होतो, कमरेखाली काही कळतच नाहीये. तू जा, दोर बघ."

"दोर आहेत त्यांच्या हातात."

धाकटा गुडघ्यांवर बसला. त्यानं थोरल्याच्या दोन्ही काखांत हात घातले आणि पूर्ण जोर लावून उचललं. एवढा जोर लागलाच नाही. थोरला सरळ वर आला, आणि धाकटा जवळजवळ मागं पडला. शर्टाखाली नुसत्या फासळ्या हाताला लागत होत्या. लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून तो याच पाण्यातून पलीकडच्या वाळूपर्यंत जायचा, तो माणूस एवढा हलका कधी झाला, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंच कुणाला विचारलं नव्हतं.

थोरल्यानं पाय टेकवून बघितले. टिकेनात. त्यानं धाकट्याचा खांदा धरला.

"मुंग्या आल्यात," तो म्हणाला. "थांब जरा."

"थांबलोय ना," धाकटा म्हणाला.